पारड्यात राहिलेलं वजन : समांतर टेस्टची एक समीक्षा

मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागलं की नेकनूर येतं. तिथला आठवडी बाजार आमच्या भागात मोठा, जनावरांचाही भरतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि सुट्टीला घरी आलो की आईबरोबर बाजारात जातो. मागच्या खेपेला एका पालाखाली दोघे भाऊ बसले होते. एकाचे कांदे, दुसऱ्याचा लसूण आणि दोघांत मिळून तराजू एक. लसूणवाल्याने त्याचं गिऱ्हाईक उरकलं, पण शंभर ग्रॅमचं वजन पारड्यातच राहिलं. कांदेवाल्याने त्याच पारड्यात किलोचं वजन टाकून आमचे कांदे तोलायला घेतले.

आई म्हणाली, "भाऊ, तुमचं शंभर ग्रॅम तसंच राहिलंय बघा."

तो हसला. "रोज हा मोकळा झाल्यावरच मी तराजू घेतो मावशी, वजनं काढून. आज दोघांचं बी गिऱ्हाईक एकदमच आलं."

त्याच्या या एका वाक्यात माझ्या धंद्यातला एक मोठा प्रश्न आहे. दोघांपैकी कुणीही लबाड नव्हता आणि तराजूही चांगला होता. एकामागून एक काम चाललं तेव्हा सगळं बरोबर होतं. दोघांचं काम एकदम सुरू झालं, तेव्हा कळलं की त्यांच्यात एक गोष्ट सामाईक आहे आणि ती रिकामी करायची जबाबदारी नक्की कुणाची, हे कधी ठरलेलंच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये युनिट टेस्ट नावाचा प्रकार असतो. कोडचा एखादा लहान तुकडा बरोबर चालतो का, हे तपासणारा दुसरा लहान तुकडा. बऱ्यापैकी जुन्या प्रकल्पात अशा हजारो टेस्ट असतात. त्या एकामागून एक चालवल्या तर अर्धा तास जातो, आणि तेवढ्या वेळात माणूस चहाला जातो, रील बघतो, आपण काय करत होतो ते विसरतो. आजच्या साध्या लॅपटॉपलाही आठ कोअर असतात. मग टेस्ट आठ गटांत वाटायच्या, प्रत्येक गट एका वर्करला द्यायचा आणि सगळे एकदम सोडायचे. याला म्हणतात पॅरलल, म्हणजे समांतर टेस्ट.

शाळेत शिकवलेलं आठवत असेल : समांतर रेषा एकमेकींना कधीच भेटत नाहीत. पण सुहास शिरवळकरांच्या 'समांतर' कादंबरीवरची २०२० ची वेब सिरीज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिली असेल. तिथे दोन माणसांची आयुष्यं समांतर आहेत, पण एकाच्या डायऱ्या दुसऱ्याच्या हातात येतात आणि तिथून गुंता सुरू होतो. समांतर टेस्टचा गुंताही असाच. रेषा भेटायला नको असतात, पण मध्ये कुठेतरी एक डायरी असते. एखादी फाईल, डेटाबेसमधली एखादी ओळ, सगळ्यांना दिसणारं एखादं व्हेरिएबल.

या विषयावर जे लिहिलं जातं ते जवळजवळ सगळं 'कसं करावं' या प्रकारातलं. कुठला पर्याय चालू करायचा, किती वर्कर ठेवायचे, किती मिनिटं वाचतील. मला इथे वेगळं करायचं आहे. एखाद्या कवितासंग्रहाकडे आपण बघतो तसं या साधनांकडे बघायचं आहे. त्यांनी काय गृहीत धरलं आहे? वापरणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत काय आहे? काय दाखवतात, काय झाकतात? ही साधनं माणसांनीच लिहिली आहेत, आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ती काय करतात, म्हणजे त्यांचं डिफॉल्ट, ही त्या माणसांची भूमिका असते.

सुरुवात जेयुनिटपासून करू. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात ते लिहायला घेतलं. त्यात एक निर्णय फार विचारपूर्वक घेतला होता. एका क्लासमध्ये दहा टेस्ट असतील तर प्रत्येक टेस्टसाठी त्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनतो. आधीच्या टेस्टने काही ठेवून दिलं असेल तर ते पुढच्या टेस्टला मिळू नये, म्हणून. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा तराजू, असंच म्हणा.

पण हेतू चांगला असला तरी माणसं वाट काढतातच. स्टॅटिक व्हेरिएबल होतं, फाईल होती, डेटाबेस होता. शिवाय जावा टेस्टची यादी साधारणपणे लिहिलेल्या क्रमानेच परत करायची. तशी हमी कुणी दिली नव्हती, पण सवय झाली होती. २०११ मध्ये जावा ७ आलं, तो क्रम बदलला आणि वर्षानुवर्षं हिरव्या असलेल्या टेस्ट अचानक लाल झाल्या. कोड तोच, टेस्ट त्याच. बदलला होता फक्त क्रम. पुढच्याच वर्षी जेयुनिट ४.११ ने एक ठरलेला क्रम परत दिला. लोकांना हायसं वाटलं. समीक्षक म्हणून मला मात्र इथे थांबावंसं वाटतं. जावा ७ ने त्या टेस्टमधला दोष दाखवला होता आणि जेयुनिटने तो पुन्हा झाकायची सोय केली. समांतर टेस्ट जेयुनिटमध्ये २०१८ साली आल्या, ५.३ आवृत्तीत, प्रायोगिक म्हणून आणि मुळात बंद. भूमिका स्पष्ट आहे : जुन्या घरात उगाच भिंती ठोकून बघू नका.

रूबी भाषेतलं मिनिटेस्ट याच्या अगदी उलट आहे. रायन डेव्हिस यांनी लिहिलेलं हे साधन टेस्ट मुळातच कुठल्याही क्रमाने चालवतं. तुम्हाला ठरलेला क्रम हवा असेल तर एक मेथड हाक मारून घ्यावी लागते, आणि तिचं नाव आहे 'आय सक अँड माय टेस्ट्स आर ऑर्डर डिपेन्डन्ट'. मराठीत सांगायचं तर 'मी भिकार आहे आणि माझ्या टेस्ट क्रमावर अवलंबून आहेत'. शेवटी उद्गारचिन्हही आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूप हसलो. मग मला अशा एका प्रकल्पावर टाकलं, जिथला कोड सात-आठ वर्षांत पंधरा जणांनी लिहून सोडला होता. तिथे ती ओळ मला माझ्या हाताने लिहावी लागली. घोळ घालणारे कधीच दुसऱ्या कंपनीत गेले होते, 'मी भिकार' असं लिहिणारा मी होतो. विनोद ज्याच्यावर करायचा तो पोचेपर्यंत माणूस बदललेला असतो. मिनिटेस्टचं तत्त्व मला पटतं, पण त्याची जीभ चुकीच्या माणसावर चालते.

गो भाषेची भूमिका संयमी आहे. टेस्टने स्वतः सांगायचं, की मला समांतर चालवा. न सांगणाऱ्या टेस्ट एकामागून एक चालतात. रस्ट भाषेत याच्या उलट : एका बायनरीतल्या सगळ्या टेस्ट मुळातच वेगवेगळ्या थ्रेडवर एकदम सुटतात आणि एकेक चालवायच्या असतील तर तुम्ही वर्करची संख्या एक करायची. एक म्हणतं 'तयार असाल तेव्हा या', दुसरं म्हणतं 'तयार आहात असं मी धरून चालतो'. रस्टचा हा कडकपणा मला आवडतो, कारण तो पहिल्या दिवसापासून लागू होतो. दहा टेस्ट असताना सामाईक गोष्ट सापडली तर ती दहा मिनिटांत सुटते. दहा हजार टेस्ट झाल्यावर सापडली तर तिच्यासाठी बैठका बसतात.

आणि मग रेल्स. ऑगस्ट २०१९ मध्ये रेल्स ६ आलं. तेव्हापासून नवा प्रकल्प सुरू केला की टेस्टच्या फाईलमध्ये एक ओळ आयती लिहून मिळते : मशीनला जितके प्रोसेसर, तितके वर्कर. ओळ वाचायला सुंदर आहे. न शिकता, न विचारता वेग. प्रत्येक वर्करला वेगळी प्रोसेस आणि त्याचा स्वतःचा टेस्ट डेटाबेस. जँगोनेही डिसेंबर २०१५ मध्ये १.९ आवृत्तीत साधारण अशीच सोय दिली होती, फक्त ती मागावी लागायची.

पण ही ओळ एक खर्च सांगत नाही. आठ डेटाबेस उभे करायला वेळ लागतो, मेमरी लागते. लहान प्रकल्पात टेस्टपेक्षा तयारीलाच जास्त वेळ जायचा. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या रेल्स ७ ने सुधारणा केली, की पन्नासच्या आत टेस्ट असतील तर समांतर चालवूच नका. शिवाय गणित आहेच. शंभर टेस्टना मिळून दहा मिनिटं लागतात आणि त्यातली एकच चार मिनिटं खाते, तर आठ काय नि ऐंशी वर्कर काय, चार मिनिटांच्या खाली तुम्ही येणार नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा विचार आजही कुणाला चुकलेला नाही.

वेगाबद्दल एवढं पुरे. माझं मुख्य म्हणणं वेगाबद्दल नाहीच. समांतर टेस्टकडे आपण वेळ वाचवणारं यंत्र म्हणून बघतो. माझ्या मते तिचा खरा उपयोग समीक्षकाचा आहे. कोडमध्ये काय सामाईक आहे, हे ती दाखवते. आणि समीक्षकाचं आपण करतो तेच तिचं करतो : बोलली की तिला गप्प बसवतो.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम होतं. कारखान्याचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, दोष त्यांचा एकट्याचा नव्हता, माझाही होता. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर येतो, वजन होतं, काटापावती निघते. पावतीवर एक क्रमांक. शेतकऱ्याचे पैसे पुढे त्याच क्रमांकावरून निघतात.

त्या क्रमांकाची एक टेस्ट होती. दोन पावत्या काढायच्या, दुसरीचा क्रमांक पहिलीपेक्षा एकने जास्त असला पाहिजे. साधी टेस्ट. आम्ही टेस्ट समांतर चालवायला लागलो आणि ही मधूनच लाल व्हायला लागली. पहिली पावती एक्केचाळीस, दुसरी त्रेचाळीस. बेचाळीस कुठे गेली? प्रत्येक वर्करला डेटाबेस वेगळा होता, पण क्रमांकाचा हिशेब डेटाबेसबाहेर एका फाईलमध्ये होता आणि ती फाईल सगळ्या वर्करमध्ये एकच होती. बेचाळीस दुसऱ्या वर्करच्या टेस्टने उचलली होती.

कारण कळलं म्हणून आम्ही खूश झालो. 'म्हणजे टेस्टचाच गोंधळ आहे, कोड बरोबर आहे.' त्या टेस्टवर मी शेरा टाकला, की ही एकटीच चालवा. बिल्ड हिरवी झाली. सगळे जेवायला गेलो.

जो प्रश्न विचारायचा राहिला तो असा : दोन वर्करना ही फाईल सामाईक आहे, तर मग दोन काट्यांना? कारखान्यात काटे दोनच होते, शेजारी शेजारी, प्रत्येकाला आपापला संगणक. दोघे त्याच फाईलमधून क्रमांक घ्यायचे. आधी वाचायचा, एक मिळवायचा, परत लिहायचा. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये निमिषभर फट होती. गाळप जोरात असताना एके सकाळी दोन ट्रॅक्टर दोन काट्यांवर एकाच क्षणी उभे राहिले आणि दोन शेतकऱ्यांना एकच क्रमांक मिळाला. एकाचं बिल निघालं, दुसऱ्याचं अडकलं. सही-शिक्क्यांत, फेऱ्यांत त्याचे कित्येक दिवस गेले. आमच्या बीडकडच्या माणसाला सांगायला नको, ऊसतोडीच्या हंगामात अडकलेला पैसा म्हणजे काय असतं.

टेस्टने नेमकी हीच चूक दाखवली नव्हती, हे मान्य. ती म्हणत होती 'क्रमांक सुटला', प्रत्यक्षात झालं 'क्रमांक दुहेरी निघाला'. पण बोट तिने बरोबर त्याच जागेवर ठेवलं होतं. आम्ही बोट बाजूला केलं.

हे फक्त आमच्याकडे घडलं असतं तर मी लिहिलं नसतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कधी हिरव्या, कधी लाल होणाऱ्या टेस्टना या धंद्यात फ्लेकी म्हणतात. अपाचेच्या ५१ प्रकल्पांमध्ये अशा टेस्टसाठी केलेले २०१ बदल त्यांनी तपासले. ज्यांचं कारण लावता आलं त्यात साधारण ४५ टक्के टेस्ट कशाची तरी नीट वाट न बघितल्यामुळे, २० टक्के समांतर चालण्यातल्या चुकांमुळे आणि १२ टक्के क्रमावर अवलंबून असल्यामुळे फ्लेकी होत्या. पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा. २४ टक्के वेळा दुरुस्ती करताना मूळ कोड बदलावा लागला, आणि अशा बदलांपैकी ९४ टक्क्यांत मूळ कोडमध्ये खरीच चूक होती. म्हणजे चारातली जवळपास एक 'वेडी' टेस्ट खरं बोलत होती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गुगलने २०१६ मध्ये स्वतःच सांगितलं, की त्यांच्याकडे हिरव्याची लाल झालेली टेस्ट बघितली तर सुमारे ८४ टक्के वेळा त्यात फ्लेकी टेस्टचा हात असतो. असं रोज होत असेल तर माणूस लाल रंगावर विश्वास कशाला ठेवेल? तो 'पुन्हा चालवा'चं बटण दाबतो. तिसऱ्यांदा हिरवं झालं की पुढे जातो. मी त्या माणसाला दोष देत नाही. रात्री साडेनऊला, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून अजून घर गाठायचं असताना, मीही तेच बटण दाबलं आहे. पण ते बटण तयार करणाऱ्यांना मी दोष देतो. 'पुन्हा चालवा' ठळक निळ्या रंगात असतं. 'ही टेस्ट तेव्हा कुणाशेजारी चालत होती' हे शोधायला मात्र लॉगच्या चार हजार ओळी उपसाव्या लागतात.

याच नजरेने रेल्सच्या त्या सुंदर ओळीकडे परत बघू. प्रत्येक वर्करला वेगळी प्रोसेस, वेगळा डेटाबेस. भिंत इतकी पक्की, की शेजारचं काही ऐकूच येत नाही. टेस्ट वेगाने आणि शांतपणे चालतात. पण गिऱ्हाइकांसमोर जेव्हा तेच अॅप उभं राहतं, तेव्हा सगळ्या प्रोसेसना डेटाबेस एकच असतो. आमचा क्रमांक डेटाबेसमध्ये असता तर ती टेस्ट कधीच लाल झाली नसती आणि चूक मात्र तशीच राहिली असती. फाईल भिंतीच्या बाहेर राहून गेली होती, म्हणून निदान आवाज तरी आला. रेल्सने वेग दिला, पण समीक्षकाला वेगळ्या खोलीत बसवून दिला. ही टीका रेल्सला बाद करण्यासाठी नाही. हिरवा रंग म्हणजे 'सामाईक काही नाही' असं नव्हे, 'सामाईक जे आहे ते आज समोर आलं नाही' एवढंच, हे त्या ओळीच्या वापरणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं.

गोचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. गोमध्ये टेस्टची एक यादी करून लूपमध्ये प्रत्येकीला समांतर सोडायची पद्धत आहे. कित्येक वर्षं त्यात एक सापळा होता. लूपमधलं व्हेरिएबल सगळ्यांना मिळून एकच असायचं. प्रत्यक्ष टेस्ट सुरू होईपर्यंत लूप संपलेलं असायचं, त्यामुळे सगळ्या टेस्ट यादीतली शेवटचीच नोंद तपासायच्या. शेवटची बरोबर असली की सगळ्या हिरव्या. पहिल्या नऊ चुकीच्या असल्या तरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये गो १.२२ ने लूपच्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल दिलं तेव्हा हा सापळा गेला. तोवर समांतर करण्यातूनच खोटा हिरवा रंग तयार होत होता. दहा गिऱ्हाइकं, तराजू एक, आणि पावती सगळ्यांना शेवटच्या गिऱ्हाइकाची.

तेव्हा समीक्षकही चुकतो. समांतर टेस्ट हिरवी म्हणून कोड शुद्ध नाही, आणि लाल म्हणून कोड वाईटच असंही नाही. अभ्यासातला सगळ्यात मोठा वाटा, वाट न बघण्याच्या चुका, अनेकदा खरोखरच टेस्टचाच आळस असतो. पण हे वाचून ठरवायचं असतं, न वाचता नाही. मराठी वाचकाला हा फरक वेगळा सांगायची गरज नाही. पुस्तक न वाचता दिलेला अभिप्राय आपण लांबून ओळखतो.

मला दिसतात तशी जी मुलं-मुली बीड, केज, अंबाजोगाईकडून पुण्यात येतात, त्यांचं पहिलं काम पुष्कळदा हेच असतं : टेस्ट लिहा, टेस्ट दुरुस्त करा. नव्या माणसाला देण्याजोगं हलकं काम, असा समज. त्यांना सांगतात, 'बिल्ड हिरवी कर.' त्यांना कुणी म्हणत नाही, 'ही टेस्ट काय म्हणते ते वाच.' एवढा फरक पडला तरी पुष्कळ होईल. लाल झाली की बटण दाबायच्या आधी एकच प्रश्न लिहून ठेवायचा : ही एकटी असताना चालते आणि शेजार असताना पडते, तर या दोघींत सामाईक काय आहे? आणि त्याच्या खाली दुसरा : तीच गोष्ट खऱ्या वापरात कुणाकुणात सामाईक आहे? उत्तर दोन ओळींत मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तर टेस्टवर 'एकटीच चालवा' लिहिताना निदान कारण आणि तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल, की इथे काहीतरी अर्धवट सोडलेलं आहे.

कारखान्याच्या कामात आम्ही नंतर क्रमांक डेटाबेसकडे सोपवला. वाचणं आणि वाढवणं एकाच पायरीत, मध्ये फट नाही. 'एकने जास्त' ही अट टेस्टमधून काढली, कारण दोन काटे चालू असताना ती खरी असूच शकत नाही. त्याऐवजी आता दोन प्रोसेस एकाच डेटाबेसवर मुद्दाम एकदम सुटतात, प्रत्येकी शंभर पावत्या काढतात आणि दोनशे क्रमांकांत एकही दुहेरी नाही ना, हे टेस्ट बघते. 'एकटीच चालवा' हा माझा शेरा मीच पुसला. टेस्ट पूर्वीपेक्षा हळू झाली आहे. तिचा वेळ वाचवायला हवा, असं अजून कुणी म्हणालेलं नाही.